धामतीरीचा पांथस्थ : आचार्य विनोबा



वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर पाच मैलांवर पवनार हे गाव लागते. वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याची प्रवरपूर नामक राजधानी ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादिले आहे. गावाच्या अंगाने धाम नदी खडकांतून वाट काढीत जाते. पलीकडच्या टेकाडावर एक आश्रम आहे. हिंदुस्थानातील बहुतेक सर्व प्रांत पायांनी तुडवून आलेल्या एका पुरुषाने आपल्या आयुष्याची अखेर या टेकाडावर केली. आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र राजकारणाच्या वा भूदानाच्या अंगाने पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही येथे ते चालण्याच्या अंगाने पाहणार आहोत.

विनोबा आपल्या मार्गाचे अनुयायी नव्हते. तथापि दोन गोष्टींनी ते आपल्या अभ्यासाचा विषय होतात. एक, भगवान श्रीकृष्णांची गीता हा त्यांच्या सर्व जीवनाचा आधार होता. दुसरी, अटन आणि भिक्षा या दोन शब्दांना अर्वाचीन काळात त्यांच्याइतका आचरणाचा अर्थ क्वचितच कोणी दिला असेल. सर्वज्ञांनी अनुसरलेल्या पुरुषास अपरिचित देशी, अपरिचित जनांत असावयास सांगितले, एका ठिकाणी वास धरू नये असे सांगितले, आणि त्याच वेळी चारही वर्णांच्या दारी भिक्षेस जावयास सांगितले. या दोन आज्ञांतील नाजूक संबंध प्रत्येक भिक्षुकास केव्हा ना केव्हा विचारात पाडतो. लोकांपासून अलिप्त राहावयाचे, आणि रोज लोकांच्याच दारी उभे राहावयाचे. दारात उभे राहिले की माउली घरातून येते, मूल झोळीकडे पाहते, म्हातारा प्रकृती विचारतो. त्या क्षणी मनास जो संतोष होतो तो बंधनाचा की मोकळेपणाचा? विनोबांचे आयुष्य या प्रश्नाभोवती फिरले असे आम्हांस वाटते. त्यांचा मूळ पिंड एकांताचा होता, आणि परमेश्वराने त्यांना चालविले ते मात्र माणसांतून.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. गागोद्याच्या घरी आजोबा शंभुराव आणि माता रुक्मिणीबाई यांच्या सहवासात बालपण गेले. परसातला फणस पिकला की आई आधी शेजाऱ्यांचे वाटे काढी आणि ते घरोघर पोचविण्यास मुलाला धाडी. सर्वांना देऊन झाल्यावर मग घरच्यांनी खावयाचे. जो देतो त्याच्या ठायी देवत्व असते आणि जो आपल्यापाशीच राखून ठेवतो त्याच्या ठायी राक्षसत्व, एवढेच शास्त्र तिने त्या पानांवरून मुलास शिकविले. पुढे लाखो एकर जमीन मागत फिरणाऱ्या माणसाने दान या विषयाचा पहिला धडा गरे घेऊन शेजारच्या पायरीवर उभे राहून घेतला, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच घरात एक आंधळे वृद्ध गृहस्थ राहत. मुले त्यांना काका म्हणत. त्यांचे जेवणखाण, अंथरूण सर्व घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे होई. बडोद्यास आल्यावर काही काळाने त्यांच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा आईने सुतकाचे स्नान केले नाही. मुलाने कारण विचारले. मग कळले की ते नात्याने कोणीच नव्हते. निराधार म्हणून घरात आले आणि घरचे झाले. इतकी वर्षे मुलाच्या ध्यानातही आले नव्हते, यातच त्या माउलीची थोरवी आली.

आईविषयीची आणखी एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तिने एकदा देवास लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम धरिला आणि ती रोज एकेक दाणा मोजून वाहू लागली. वडील गणिती वृत्तीचे. एक तोळा तांदूळ मोजून त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि वर थोडे अधिक घालावे, असा सोपा मार्ग त्यांनी सुचविला. आईला उत्तर सुचेना. तिने मुलास विचारले. मुलाने सांगितले की हे मोजणे हिशेबाचे नव्हेच, दाण्यागणिक देवाचे स्मरण होते ते खरे. पुढे विनोबांनी स्वतः केलेल्या कामाचेही मोल पुष्कळांनी तोळ्याच्या मापाने काढले. त्याचा विचार योग्य स्थळी येईल.

बडोद्यास शाळा-महाविद्यालयातील शिक्षणापेक्षा त्यांना दोनच गोष्टींची ओढ होती : ग्रंथालय आणि भटकंती. मित्रांना घेऊन ते मैलोगणती पायी हिंडत. पुढे एके दिवशी चुलीपुढे बसून त्यांनी आपली प्रशस्तिपत्रे आईच्या देखत जाळली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेसच उतरला आणि काशीच्या वाटेस लागला. काशीहून हिमालयात जावे, की बंगालच्या क्रांतिकारकांत मिसळावे, अशा दोन ओढी त्याच्या मनात होत्या. या दोन्ही वाटा माणसांच्या नित्य जीवनापासून दूर नेणाऱ्या होत, हे ध्यानात घ्यावे.

काशीत त्यांना अन्नछत्रात एक वेळचे जेवण आणि दोन पैसे दक्षिणा मिळे. त्या पैशांत संध्याकाळचे दही आणि रताळे येई. याच काळात त्यांनी राहत्या खोलीसाठी एक कुलूप विकत घेतले. दुकानदाराने भाव फार सांगितला. विनोबांनी त्यास म्हटले की या कुलपाची किंमत इतकी नाही हे आपणांस दिसते, तरी आपण सांगता तो भाव देतो. आणि तेवढे पैसे देऊन ते निघून गेले. त्यांचा रोजचा रस्ता त्याच दुकानावरून होता. ते रोज जात, काही बोलत नसत, दुकानाकडे पाहतही नसत. काही दिवसांनी दुकानदारानेच हाक मारली, आपण अधिक पैसे घेतले हे कबूल केले आणि जास्तीची रक्कम परत केली. काशीत विनोबांनी काय काय वाचले ते आज कोणाच्या ध्यानात नाही. कुलपाची गोष्ट मात्र त्यांनी वृद्धपणीही सांगितली. आम्हांस वाटते, पोचमपल्लीची घटना समजून घ्यावयाची तर या दुकानापाशी थोडे थांबावे. मनुष्याकडे तगादा न लावता, त्याच्यावरचा विश्वास न सोडता, त्याच्या दारावरून रोज चालत जावे, की एक दिवस तो स्वतःच हाक मारतो. पुढील तेरा वर्षांच्या यात्रेचे बीज त्या दुकानाच्या पायरीवर पडले होते.

काशी हिंदू विश्वविद्यालयातील गांधीजींच्या भाषणाचा वृत्तान्त वाचून त्यांनी पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेस कोचरब येथील आश्रमात ते गांधीजींना भेटले. पुढच्याच वर्षी प्रकृती आणि अध्ययन या कारणांनी एक वर्षाची सुटी घेऊन ते महाराष्ट्रात आले. वाई येथील प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी वेदान्ताचे अध्ययन केले. उरलेल्या दिवसांत सुमारे चारशे मैल पायी फिरून गड पाहिले, गावोगाव गीतेवर प्रवचने केली. वाईस त्यांनी सहाध्यायी जमवून जाते मांडले आणि दळणाच्या मजुरीतून एक वाचनालय उभे केले. वर्ष संपले त्याच दिवशी ते आश्रमाच्या दारी परत हजर झाले. गांधीजी तो दिवस विसरून गेले होते. पुढील वर्षी, १९१८ मध्ये, मातोश्री निवर्तल्या.

८ एप्रिल १९२१ रोजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून आश्रमाची शाखा चालविण्यास विनोबा वर्ध्यास आले. वर्धा जिल्ह्याशी जडलेला हा संबंध पुढे एकसष्ट वर्षे टिकला. परंतु आरंभीचे विनोबा माणसांत रमणारे नव्हते. अध्ययन, सूतकताई, अध्यापन आणि मौन यांतच त्यांचा काळ जाई. ओळख वाढविण्याची त्यांस हौस नव्हती. मित्र म्हणावेत असे थोडेच. मधून मधून कारावास घडे, आणि तेथे मात्र हा एकान्तप्रिय मनुष्य बंदिवानांत मिसळे. आईला संस्कृत कळत नसे म्हणून सोप्या मराठीत गीता हवी होती. तिच्या मागे १९३० च्या ७ ऑक्टोबरास आरंभून १९३१ च्या फेब्रुवारीत त्यांनी गीताई पूर्ण केली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर केलेली प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. ऐकणाऱ्यांत विद्वान होते तसे साधे कैदीही होते.

धुळ्याहून सुटल्यावर त्यांच्या चालण्यास नवे वळण लागले. वर्ध्याजवळ नालवाडी येथे हरिजनवस्तीत ते जाऊन राहिले आणि दोन-तीन वर्षे वर्धा तहसिलीची खेडी पायांखाली घातली. त्यांचे सहकारी गावोगाव जात, माणसे पाहत आणि परत येऊन सांगत. याच हिंडण्यात खेड्यांतील महारोग्यांचे हाल दृष्टीस आले, आणि त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठधाम स्थापिले. वाहनात बसून गेलेल्यास वेशीबाहेर बसलेला रोगी दिसत नाही. पायी जाणाऱ्याला तो टाळता येत नाही. दोघांची वाट एकच असते.

या श्रमांनी विनोबांचे शरीर पार खंगले. वजन ८८ पौंडांवर आले. हवापालटासाठी कोठे थंड ठिकाणी जावे असा गांधीजींचा आग्रह पडला. विनोबांनी पाच मैलांवरचे पवनार निवडले. तेथील टेकाडावर जमनालालजींचा लाल बंगला रिकामा होता. १९३८ च्या मार्च महिन्यात अशक्तपणामुळे त्यांना मोटारीने नेण्यात आले. धामेच्या पुलावरून गाडी जात असता आजवरच्या सर्व विचारांचा आणि कार्याच्या चिंतेचा त्यांनी मनोमन संन्यास केला. मग तेथे पोचून काय केले? कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी केवळ काही मिनिटे खणले. रोज थोडे थोडे वाढविले. डोक्यात विचार नाही, हातात कुदळ, समोर नदी. दहा महिन्यांत वजन सुमारे ४० पौंडांनी वाढले.

खणताना एके दिवशी कुदळ दगडास लागली. माती दूर सारून पाहतात तो कोरीव शिल्प निघाले : भरत आणि राम यांची भेट. धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी लक्ष्मण आणि भरत हे दोन भक्तांचे आदर्श मांडले होते. एक सदैव सन्निध राहून सेवा करणारा, दुसरा दूर राहून आज्ञा पाळणारा. त्या दोघा बंधूंच्या भेटीचे चित्र कोणी काढील तर बरे, अशी इच्छाही त्यांनी तेव्हा बोलून दाखविली होती. सहा वर्षांनी ती भेट त्यांच्याच कुदळीखालून वर आली. वाकाटकांच्या राजधानीत असे शिल्प सापडावे यात इतिहासज्ञांस नवल नाही. सन्निधान आणि असन्निधान यांचा विचार आपणांकडे सूक्ष्म झालेला आहे. स्वामी उत्तरापंथे गेल्यावर मागे राहिलेल्या भक्तांची अवस्था आठवणाऱ्या वाचकास या शिल्पाविषयी अधिक काही सांगणे नलगे.

आता सुरगावाकडे वळू. पायी जाण्यासारख्या अंतरावरील या गावी विनोबांनी १९४६ पासून नेमाने भंगीकाम आरंभिले. त्याआधी १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे प्रथम सत्याग्रही म्हणून त्यांचे नाव देशभर झाले होते, आणि १९४२ नंतरच्या कारावासात त्यांनी वेलोर येथे दक्षिणेच्या चारही भाषा आत्मसात केल्या होत्या. असा मनुष्य सकाळी खांद्यावर फावडे टाकून निघे, गावच्या वाटेवरील मैला माती टाकून झाकी, उचली, आणि परत येई. भाषण नाही, सभा नाही. ऊन असो, पाऊस असो, नेम चुकावयाचा नाही. कोणी मुदत विचारली तर वीस वर्षे असे ते सांगत, कारण एक पिढी बदलावयास तेवढा काळ लागतोच.

एका पावसाळ्यात वाटेवरचा प्रवाह दुथडी भरून वाहू लागला. पलीकडे जाणे शक्य नव्हते. विनोबा काठावर उभे राहिले आणि पैलतीरावरच्या एका ग्रामस्थास त्यांनी ओरडून निरोप सांगितला : मंदिरात जाऊन कळवावे की गावचा भंगी कामावर आला होता, परंतु पूर आल्यामुळे त्यास परतावे लागले. तो भला मनुष्य म्हणाला की पुजाऱ्यास सांगतो. विनोबांनी पुन्हा ओरडून दुरुस्ती केली : पुजाऱ्यास नव्हे, देवास सांगावयाचे आहे. मग हाकेला होकार मिळाला आणि ते माघारी फिरले.

हा प्रसंग आम्हांस विनोबांच्या आयुष्यातील सर्व मोठ्या प्रसंगांहून मोठा वाटतो, आणि असे वाटण्याचे कारण सांगितले पाहिजे. आपल्या लीळाचरित्रात म्हाइंभटांनी जे टिपले ते बहुतेक याच मापाचे आहे : अमुक गावी, अमुक झाडाखाली, अमुक मनुष्य आला, एवढे बोलणे झाले. श्रीगोविंदप्रभू रिद्धपुराच्या गल्ल्यांतून हिंडत. कोणाच्या घरी शिरत, पोरांत खेळत. मोठ्या घटनांचा इतिहास लिहिणाऱ्याने यातले काहीही लिहून ठेविले नसते. परंतु ज्याची दृष्टी परमेश्वराकडे लागली आहे त्यास पुराच्या दोन काठांवरून दोन माणसांनी एकमेकांस ओरडून सांगितलेला निरोप क्षुल्लक वाटत नाही. त्यात विनोद आहे, नेमाची निष्ठा आहे, आणि पलीकडच्या माणसावर टाकलेला भार आहे : तो खरोखर मंदिरात जाऊन देवास सांगेल, हा भरवसा. तो गेला की नाही हे कोणी लिहून ठेविलेले नाही.

३० जानेवारी १९४८ नंतर सुरगावचा नेम सुटला. निर्वासितांच्या आणि मेवातील मेव लोकांच्या पुनर्वसनासाठी विनोबांना उत्तरेत जावे लागले. तेथील सरकारी कारभाराचा अनुभव घेऊन ते परत आले आणि १९५० च्या आरंभी पवनारास पैशाविना जगण्याचा कांचनमुक्तीचा प्रयोग त्यांनी मांडला. बैलाऐवजी माणसांनी रहाट ओढावा, गीताईचे श्लोक म्हणत ओढावा. पाहुणा आला तरी त्यानेही दांड्यास हात लावावा. येणाऱ्याचे असे स्वागत आम्ही अन्यत्र ऐकलेले नाही.

१९५१ च्या एप्रिलात हैदराबादेजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन ठरले होते. विनोबांची जाण्याची इच्छा नव्हती. स्नेह्यांचा आग्रह अनावर झाला तेव्हा त्यांनी जाण्याचे मान्य केले, पण पायी. आणि ८ मार्च रोजी ते पवनारहून निघाले. अंतर सुमारे तीनशे मैल. आगगाडीने एका रात्रीत पोचता आले असते. त्यांनी महिना घेतला. रोज नवे गाव, नवा वड, नवी विहीर. यवतमाळ जिल्ह्यातून ते हैदराबाद राज्यात उतरले. ते निघाले तेव्हा जमीन मागण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या गर्दीत विसरली जाते. ते केवळ माणसे पाहत चालले होते.

संमेलन आटोपल्यावर तेलंगणातील जमीनदार व कम्युनिस्ट यांच्या रक्तपाताने होरपळलेल्या भागातून परतावे असे त्यांनी ठरविले. १८ एप्रिल रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी हरिजनवस्तीतील चाळीस कुटुंबांनी पोटापुरती ऐंशी एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करू असे विनोबांच्या ओठांवर आले. पण तत्पूर्वी जमलेल्या गावकऱ्यांनाच त्यांनी सहज विचारले. रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केले. त्या रात्री विनोबांस झोप लागली नाही. काशीच्या त्या दुकानदाराने हाक मारली होती, तशीच ही दुसरी हाक. एक्कावन्न दिवसांत तेलंगणात बारा हजारांवर एकर जमीन मिळाली. ज्याच्या घरी पाच पुत्र असतील त्याने आपणांस सहावा पुत्र मानून वाटा द्यावा, अशी त्यांची भिक्षेची रीत होती.

त्याच वर्षी १२ सप्टेंबरास पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते दिल्लीस निघाले. विमानाचे निमंत्रण होते. हे पायी निघाले आणि १३ नोव्हेंबरास राजघाटावर पोचले. तेथून मग उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, पंजाब, काश्मीर, आसाम. पहाटे तीन-चारच्या सुमारास कंदील पुढे धरून चालावयास लागावे, दहा-बारा मैल चालावे, गाव आले की गावकऱ्यांशी बोलावे, सायंकाळी प्रार्थना करून लवकर निजावे. आहार म्हणजे दूध, दही, गूळ, मध. आतड्याच्या दुखण्याने दुसरे काही पचत नसे. वाटेने जो कोणी सोबत चाले तो विद्यार्थी होई किंवा गुरू होई. यात्रेत आलेल्या एका जर्मन मुलीकडून ते जर्मन शिकले, जपानी पाहुण्याकडून जपानी. साठीच्या घरातला मनुष्य पहाटेच्या अंधारात चालता चालता नव्या भाषेची रूपे घोकतो आहे, हे चित्र मनातून जात नाही. भाषेचा त्यांना काही व्यवहार साधावयाचा नव्हता. समोरच्या माणसापाशी जे आहे ते घ्यावे, आणि घेण्यातच त्याचा मान राखावा, ही भिक्षुकाची वृत्ती.

सर्वच भेटी गोड झाल्या असे नाही. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारात देवघर येथे हरिजनांसह मंदिरात जाताना त्यांना मारहाण झाली. एका कानाने ऐकू येईनासे झाले. मारणाऱ्यांस शिक्षा होऊ नये असेच त्यांनी कळविले. १९५८ मध्ये पंढरपुरी मात्र अन्य धर्मीय सहकाऱ्यांसह त्यांना विठ्ठलाच्या दर्शनास नेण्यात आले. १९५९ साली पीरपंजालचा बर्फाळ घाट ओलांडून ते काश्मीरात उतरले. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस बागींनी आपली शस्त्रे त्यांच्यापुढे ठेविली. १९६२ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून ते सोळा दिवस चालले, आणि तेथेही भूमी मिळाली.

आता हिशेबाचे पाहू. दानपत्रांवर चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन चढली. त्यातील पुष्कळ खडकाळ, पुष्कळ वादग्रस्त निघाली. वाटप झालेली जमीन दानाच्या मानाने फार कमी, आणि ग्रामदान झालेल्या अनेक गावांत ग्रामदान कागदावरच राहिले. देशातील भूमिप्रश्न सुटला नाही. हे टीकाकारांनी म्हटले ते खोटे नव्हे, आणि विनोबांच्या भक्तांनी ते झाकण्याचा यत्न करू नये. एका माणसाने पुढे चालावे आणि मागे जमिनीची मोजणी, नोंद, बी-बियाणे यांची व्यवस्था तितक्याच वेगाने व्हावी, तशी यंत्रणा उभी राहिली नाही. तथापि हे तोळ्याचे माप आहे. दाण्यागणिक जे झाले त्याचे माप कोणापाशी नाही. एखाद्या रात्री एखाद्या गावात ज्याने आपणहून उठून सहाव्या पुत्राचा वाटा दिला, तो त्या रात्री कोण होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील दूर जाताना पाहत उभा राहिला तेव्हा कोण झाला होता? दोन्ही हिशेब खरे आहेत. एकाने दुसरा पुसला जात नाही, आणि विनोबांनाही ते दोन्ही ठाऊक असावेत असे आम्ही समजतो.

तेरा वर्षांनी, १० एप्रिल १९६४ रोजी, ते पवनारास परतले. पुढे काही वर्षे बिहारात वाहनाने वेगाची यात्रा झाली. तिच्याविषयी आम्हांस फारसे लिहावेसे वाटत नाही. वेग वाढला आणि माणसे लहान दिसू लागली. १९७० च्या ऑक्टोबरात त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनारचा आश्रम सोडून कोठे जावयाचे नाही असा संकल्प केला. आणीबाणीच्या काळात त्यांच्या एका शब्दप्रयोगावरून त्यांच्यावर कठोर टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत त्यांचे जुने सहकारीही होते. ते आश्रमातच राहिले.

तेथे त्यांनी १९५९ मध्ये स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले होते. भगिनी शेती करीत, अध्ययन करीत, आश्रमाचा कारभार एकमताने चालवीत. विनोबांनी स्वतःकडे एक काम ठेविले होते : अंगण झाडणे. हिंदुस्थान चालून आलेला वृद्ध आता धामेच्या काठच्या त्या थोड्याशा जागेत हळूहळू फिरे, वाकून एक काडी उचली, एक वाळके पान उचली, टोपलीत टाकी. तासच्या तास हे चाले. प्रत्येक काडीसरशी नामस्मरण होते, असे ते भेटीस येणाऱ्यांस सांगत. बाहेरून आलेला कोणी देशाच्या प्रश्नांवर त्यांचे मत विचारू लागला तर पुष्कळदा तेच पान त्याच्या हाती येई.

१९८२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला. १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवशी सकाळी, पवनार येथेच त्यांनी देह ठेविला. वर्धा, सेवाग्राम आणि आसपासच्या खेड्यांतून माणसे आली, बहुतेक पायीच. धामेच्या काठी अग्निसंस्कार झाला. पलीकडे सुरगावची वाट होती.